बिनपेटीची दिवेलागण

आक्का, बुधवारी तुला माती देऊन घरी आलो आणि मला कडकडून भूक लागली. शेजारपाजारच्यांनी आमटी-भाकरी आणून ठेवली होती. सगळे हळू आवाजात बोलत होते, आणि मी रत्नाकडं तिसरी भाकरी मागितली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि वाढली. बायको असली तरी तिलाही जरा नवल वाटलं असणार. सख्खी बहीण गेली आणि हा माणूस कांदा फोडून खातोय.

पण तुला सांगायला हरकत नाही. मला बरं वाटत होतं. शेवटच्या आठवड्यात तू श्वास ज्या तऱ्हेनं ओढत होतीस, तो ऐकत बसणं माझ्यानं होत नव्हतं. बुधवारी पहाटे तो थांबला, आणि तुझ्या कपाळावरची आठी गेली. शाळेत मुलींचा सूर जमला की तुझं तोंड जसं व्हायचं, तसंच झालं. रत्ना म्हणाली, "सुटल्या आक्का." माझ्या खांद्यावरनं पोतं उतरवल्यासारखं झालं. रडू नंतर आलं. तुझी चप्पल उन्हात पडलेली दिसली तेव्हा.

लोक भेटायला येतात आणि तुझ्या नोकरीचं, मुलींच्या शाळेचं, शिस्तीचं बोलतात. ते सगळं खरं आहे. मला मात्र सारखी आपली भांडणं आठवतात. त्यांतलं मोठं भांडण एकच, आणि ते आपण निम्मं आयुष्य पुरवून खाल्लं.

आपल्या चर्चमध्ये मी पेटी वाजवायचो आणि तू गायकवर्ग चालवायचीस. दिवसभर उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर उभं राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी हात घासून घासून धुऊन पेटीवर बसायचं, हा माझा शिरस्ता. गाणी बहुतेक परदेशी चालींवरची, शब्द मराठी. तुला ते फार खुपायचं. 'कृपा'मधला ऱ्हस्व 'कृ' दोन-दोन मात्रा ओढायला लागला की तू वळून माझ्याकडं बघायचीस, जणू ती चाल मीच बांधली होती. म्हणायचीस, "दुसऱ्याचा सदरा घातलाय रे आपल्या शब्दांना. बाह्या बघ की कुठवर आल्यात."

मग मरियम्मा आली. मिशनच्या दवाखान्यातली नर्स, केरळची. तिला आपल्या मागच्या खोलीत जागा दिली, आणि त्याच हिवाळ्यात कोयनेचा भूकंप झाला. आठवतं? नंतर कितीतरी दिवस गल्लीतलं कुणी घरात जायला धजत नव्हतं. सगळ्यांची अंथरुणं अंगणात. कातरवेळेला माणसं कंदील लावून नुसती बसून राहायची आणि भांडं पडलं तरी दचकायची. एके दिवशी मरियम्मा कंदिलाची काच पुसता पुसता गायला लागली. तिच्या आजीचं गाणं, सुरियानी म्हणजे त्यांच्या चर्चच्या जुन्या भाषेतलं. तिच्या गावात ख्रिस्ती लोक शेकडो वर्षांपासून ते गात आलेत म्हणे. एक ओळ गायची, थांबायची. पुन्हा एक ओळ, पुन्हा थांबायची. आम्हाला वाटलं, विसरली.

तू विचारलंस, "मधी गप का होतीस गं?"

"तिथं दुसरे लोक गातात ना," ती आपल्या मराठीत म्हणाली. "चर्चमध्ये अर्धे लोक इकडं, अर्धे तिकडं. हे गातात, ते जवाब देतात. इधर मी एकटी. म्हणून जागा सोडते."

तू तिला पुन्हा गायला लावलंस आणि त्या रिकाम्या जागेत नुसत्या 'आ'कारानं जवाब दिलास. पलीकडच्या अंथरुणावरची माणसं बोलायची थांबली. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मला ते आवडलं होतं, आक्का. आवडण्यातनं माझ्यावर काय येणार आहे, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

तू चर्चच्या पाळकसाहेबांच्या मागं लागलीस. ते पुण्याला शिकलेले, त्यांना जुन्या गोष्टी ठाऊक. त्यांनी सांगितलं की पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या घराघरांत जमायच्या, सांजेला दिवा लावून गायच्या. एकानं स्तोत्राची ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. वाद्य नसायचं. तू ते ऐकून घरी आलीस आणि जेवताना, भाताचं पातेलं माझ्याकडं सरकवत म्हणालीस, "दानू, नवीन गाणं बांधायलोय. दिवेलागणीचं. पेटी न्हाई त्यात."

"पेटी न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

"मग मी काय करू?"

"तू गा की."

"मला गाता येत न्हाई."

"कुणी सांगितलं? मी शिकवतो तुला."

मी ताटावरनं उठलो. आईबापांच्या माघारी तू मला वाढवलंस, तरी त्या रात्री मी उपाशी झोपलो. मूर्खपणा. दुसऱ्या दिवशी तू माझ्या डब्यात जास्तीची चपाती घातलीस, पण गाण्यात पेटी घातली नाहीस.

तुझं म्हणणं काय होतं ते मला पुढं कळलं. पेटी असली की लोक पेटीच्या मागनं जातात, एकमेकांचं ऐकत नाहीत, असं तू म्हणायचीस. माझं म्हणणं साधं होतं. पेटी नसली की सूर उतरतो. आणि उतरायचाच. शाळेच्या खोलीत तुमची तालीम चालायची, चार नर्सा, शाळेतल्या बाया, एक सुतार, दोन शिक्षक, आणि रत्ना. हो, माझी बायको तुझ्या बाजूला. मी बाहेर व्हरांड्यात पेटी घेऊन बसायचो आणि गाणं संपलं रे संपलं की षड्ज दाबायचो. आतला सूर कुठं आणि पेटी कुठं! सगळे ओशाळायचे.

तू दारात येऊन म्हणालीस, "उतरलाय व्हय? उतरू दे. सगळी मिळून उतरल्यात की. एक तरी मागं राहिलाय का?"

मी पेटीचा भाता मिटला.

गाणं मात्र सुरेख झालं होतं. पुरुषांनी खाली खर्ज धरायचा, नुसता 'म'कार, तंबोऱ्यासारखा. त्यावर तुझी एकटीची ओळ: 'हातातला दिवा लहान आहे.' आणि दोन्ही बाजूंच्या रांगांनी उत्तर द्यायचं: 'लहान आहे, पण लागला आहे.' चालीत मरियम्माच्या आजीचं वळण होतं, पण शब्द आपल्या तोंडात बसतील असे. ऱ्हस्व ते ऱ्हस्व, दीर्घ ते दीर्घ. कुणाच्या बाह्या लोंबत नव्हत्या.

आणि मग ते चर्चच्या पंचांपुढं गेलं.

शांतवनकाका पंचांत सगळ्यांत वडील. मुरगूडकडचे. आवाज असा की चर्चमध्ये खाकरले तरी रस्त्यावरचा टांगेवाला बघायचा. एका पंचाचं म्हणणं होतं की हे रोमन कॅथलिक वाटतंय. काकांचं दुखणं वेगळं होतं. ते उभे राहिले आणि थेट तुझ्याशी बोलले.

"एस्तेर, माझ्या बापानं येशूला धरलं तवा भावकीनं आमच्यासंगं बोलणं सोडलं. आज्जीच्या मातीला येऊ दिलं न्हाई मला. लांब बांधावर उभा राहून बघितलंय मी. सांजच्याला दिवा लावून हात जोडणं, म्हणणं, समदं सोडून आलो. आणि तू तेच उचलून हितं आणायलीस?"

तू म्हणालीस, "काका, हे तिकडनं आणलेलं न्हाई. आपल्यातलंच हाय. लई जुनं."

"कुणी बघितलंय?"

तू गप्प बसलीस. तुझ्याकडं उत्तर नव्हतं असं नाही. पाळकसाहेबांनी सांगितलेलं सगळं तुला पाठ होतं. पण बांधावर उभ्या राहिलेल्या त्या पोराला तू इतिहास सांगायला गेली नाहीस. रविवारच्या उपासनेत हे गाणं गायचं नाही, असं ठरलं. तू "बरं" म्हणालीस आणि पदर खोचून बाहेर आलीस. मला वाटलं, संपलं. खोटं कशाला बोलू, पेटीवाल्याला मनातनं जरा गारही वाटलं. पण घरापर्यंत तू मान खाली घालून चाललीस, आणि माझा तो आनंद गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा टिकला नाही.

वाट काढली ती मरियम्मानं. म्हणाली, "वॉर्डमध्ये चला. तिथं कमिटी नाही."

दवाखान्याचा तो लांब व्हरांडा. दोन्ही बाजूंना खाटा, खाटांखाली नातेवाइकांची बोचकी, स्टोव्ह, लुगड्यांचे झोळे. तू मला म्हणालीस, "पेटी वाजवायची न्हाई तर कंदील तरी धर." म्हणून मी कंदील धरून उभा. एका बाजूला तुझे निम्मे गाणारे, दुसऱ्या बाजूला निम्मे, मधे आजारी माणसं. तू पहिली ओळ म्हणालीस. दोन्हीकडनं उत्तर आलं. एका खाटेवर इचलकरंजीचा एक कामगार होता, यंत्रमागात हात सापडून बोटं गेलेली. त्याचा बाप खाली बसला होता. दुसऱ्या ओळीनंतर बापानं मलाच विचारलं, "ओ पावणं, आमी बी म्हणावं का?"

मी तुझ्याकडं बघितलं. तू गाता गाताच मान हलवलीस.

एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, हे त्या माणसांना शिकवायला लागत नव्हतं. पुढच्या खेपेला उत्तर आलं ते अख्ख्या व्हरांड्याचं, आणि त्यांच्या तोंडानं आलं: 'लहान हाय, पण लागला हाय.' तुझे गाणारे बावरले. 'आहे' म्हणायचं की 'हाय'? तू हातानं खूण केलीस, चालू दे. तेव्हापासून ते 'हाय'च राहिलं. बोटं गेलेला तो पोरगा डोळे मिटून म्हणत होता. आणि सूर? सूर तसूभर हलला नाही, आक्का. मी कान देऊन होतो, तुला ठाऊकच आहे मी कशासाठी कान देऊन होतो.

मग आठवड्यातनं एकदा आपण तिथं जायला लागलो. मी कंदीलवाला. त्या पावसाळ्यात शांतवनकाकांच्या बायकोला, काकूंना, दमा वाढून तिथंच ठेवलं. आपण गायला गेलो तर काका खांबाजवळ उभे, हातात काठी, तोंड दुसरीकडं. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण काकू उशीला टेकून बसल्या होत्या, आणि उत्तराची ओळ आली तशी त्या म्हणायला लागल्या. दम पुरत नव्हता. 'लहान हाय' एवढंच व्हायचं, पुढचं बाकीचे पुरं करायचे. काका बायकोकडं बघत राहिले. चर्चमध्ये इतकी वर्षं त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज आपण कुणी ऐकला नव्हता. बहुधा काकांनीही.

गाणं संपल्यावर ते काठी टेकत तुझ्यापुढं आले. तू पदर सावरून ताठ उभी राहिलीस, मार खायला उभी राहावी तशी.

"'लागला'वर लई वर चढवलंयस," ते म्हणाले. "म्हातारी माणसं पोचत न्हाईत तिथवर. हिला दम लागतोय बघ की. जरा खाली घे."

"घेतो, काका," तू म्हणालीस.

"घे. आणि सलाम," असा आपल्या मंडळीतल्या रीतीनं निरोप घेऊन ते वळले.

तू चाल खाली आणलीस. पुढच्या बैठकीत काकांनीच विषय काढला आणि ईस्टरच्या संध्याकाळी ते चर्चमध्ये गाऊ द्यायचं ठरलं. त्या दिवशी तू रस्ताभर हसत आलीस. शाहूपुरीत थांबून आपण दोघांनी मिसळ खाल्ली. तुझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आणि ते तिखटाचं आहे असं तू सांगत होतीस.

त्यानंतर तू थांबली नाहीस. मरियम्माकडं आठ चाली होत्या, आठवड्याला पाळीपाळीनं बदलायच्या. तूही मराठीत आठ बांधल्यास. पहाटेची, उपासाची, प्रवासाला निघणाऱ्यांची, बाळंतिणीची. बाळंतिणीचं गाणं म्हटल्यावर पंच पुन्हा दचकले होते, पण काका म्हणाले, "मरिया काय होती मग?" विषय संपला. काका गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी बँडवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि तुला बोलावलं.

भांडण मात्र चालूच होतं. शेवटचं झालं ते गच्चीवर, मिरच्या वाळत घालताना. तू अचानक म्हणालीस, "दानू, माझ्यामागं हे गप्प होईल रं."

मी म्हटलं, "मग पेटीवर बसवून ठेवू या की समद्या चाली. पेटी मरत न्हाई."

"पेटीवर ऱ्हाण्यापरास गेलेलं बरं."

मी तोंड उघडलं तेवढ्यात खालनं रत्नानं हाक मारली, आणि ते राहिलं. मला म्हणायचं होतं की आक्का, माणसं विसरतात, गावं सोडतात, मरतात. त्यांच्या भरवशावर एवढं मोलाचं काय ठेवतेस? पुढच्याच महिन्यात शाळेत फळ्यापुढं उभ्या उभ्या तुझी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मग कुणाशी भांडू?

ते दिवस मी तुला सांगायला नकोत. 'पाणी' म्हणायला जायचीस आणि भलताच आवाज निघायचा, मग उशीत तोंड खुपसायचीस. आयुष्यभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारलेली बाई. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. मरियम्मा तोवर मेट्रन झाली होती. एका संध्याकाळी ती ड्यूटी संपवून आली, तुझ्या पायाशी बसली, आणि बोलली काहीच नाही. 'हातातला दिवा लहान आहे,' एवढी एकच ओळ गायली.

आणि तू उत्तर दिलंस. शब्द जागच्या जागी. 'हाय'सुद्धा.

रत्नाच्या हातातनं चहाची बशी पडली. मरियम्मा मोठ्यानं हसली, मग रडली. म्हणाली, "असं होतं कधी कधी. बोलणं जातं, गाणं राहतं. आता तुम्ही गाऊन बोला."

मी पेटी काढली. वाटलं, चाल वाजवीन, तू शब्द म्हणशील. तू डाव्या हातानं भाता दाबून धरलास, सोडेचनास. पेटीला शब्द कुठनं येणार? तुला शब्द लागत होते. रत्ना दिवसभर कामात, मरियम्मा दवाखान्यात. उरलो मी. तेव्हा दार लावून घेऊन, लेथवर बसलेल्या घशानं, मी तुझ्या उपासाच्या चालीवर विचारलं, 'आक्का, चहा घेणार काय?' तू इतकी हसलीस की मला वाटलं दुसरा झटका आला. मग हळूहळू, त्याच चालीवर, तुझं उत्तर आलं: 'घेतो.'

असे आपण जवळजवळ दोन वर्षं बोललो. सगळं जमायचं नाही. काही दिवस एक शब्दही यायचा नाही. पण अंघोळ, औषध, दूधवाला, मुलींच्या शाळेची बातमी, सगळं चालीवर. शनिवारची तालीमही तुझ्या खाटेभोवती व्हायची आणि पहिला सूर तूच द्यायचीस. मी बेसूर झालो की डाव्या हाताचं बोट वर जायचं. तू मला शेवटी शिकवलंसच. जेवताना म्हणाली होतीस, तसं. एवढा बेत करून लकवा आणायची मात्र गरज नव्हती, आक्का. सरळ सांगितलं असतंस तरी आणखी दहा वर्षांनी ऐकलं असतं.

एक मला तुला विचारायचं राहिलं. त्या दिवसांत तू खूश होतीस का? खिडकीतनं ऊन आलं की तुझा चेहरा शांत असायचा. पण मी विचारलं नाही, कारण 'न्हाई' असं चालीवर आलं असतं तर मला सोसलं नसतं. आता विचारायची गरजही नाही. तुझं दुखणं संपलं, माझं जागरण संपलं, आणि आठवतं ते बरंचसं हसणंच.

बुधवारी कबरस्थानात मरियम्मानं तुझी ओळ घेतली. पांढऱ्या साडीत, चष्मा पुसत. अजूनही तिच्या तोंडी 'हातातला'मधला 'त' आपला होत नाही आणि 'दिवा' थोडा लांबतो. आम्ही उत्तर दिलं. वारा होता, तरी ऐकू आलं. शाळेच्या मुलींनी कडेनं रांग धरली होती. त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे.

पण मला खरी धास्ती होती ती शनिवारची. पुरताना सगळेच गातात. त्यानंतरच्या शनिवारी तालमीला कोण येणार? गच्चीवर तू जे म्हणालीस ते माझ्या मनातनं जात नव्हतं. पाळकसाहेबांनी गायकवर्ग मला सांभाळायला सांगितलं होतं. म्हणून काल मी जरा लवकरच गेलो. पेटी घेऊन. तुला राग येईल, पण माझा बेत साधा होता. तू नाहीस, पहिला षड्ज कोण देणार? फक्त सुरुवातीला एकदा पट्टी दाबायची, मग भाता बंद. एवढ्यानं काय बिघडतं?

शाळेची खोली भरलेली होती. बाकं कमी पडली. मी पेटी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना हे नीट समजावून सांगितलं. म्हटलं, आक्का गेली, आता आधार पाहिजे. फक्त एक सूर.

मग म्हातारा सुतार म्हणाला, "नको, दानूभाऊ." एक नर्स म्हणाली, "नको." मागनं आणखी दोघं-तिघं म्हणाले. तुझ्या जुन्या विद्यार्थिनीनं, जी आता तुझ्याच जागी शिकवते, घसा साफ केला आणि कुणाला न विचारता पहिली ओळ उचलली. बरोबर सुरात. मी चोरून पट्टी दाबून बघायच्या आत दोन्हीकडनं उत्तर आलं.

ते मला नको म्हणाले, आक्का. एकमुखानं नको म्हणाले. आयुष्यात एवढा आनंद मला कशानं झाला नव्हता.

मी वेड्यासारखा टेबलाजवळ उभा होतो. रत्ना बायकांच्या रांगेतनं डोकावली आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "ती बाहिर ठेवा आणि या की आत. पुरुषांत एक कमी हाय."